व्हिसा २०३४ पर्यंतचा, मग काकूंनी परतायचं कधी?

तासगाव तालुक्यातल्या एका काकांचं पत्र आलंय. नाव छापू नका, म्हणालेत. त्यांची सून गेल्या वर्षी न्यू जर्सीत आजारपणात गेली. मुलगा तिथे एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे. नातू अडीच वर्षांचा, जन्माने अमेरिकन नागरिक. त्याला सांभाळायला काका-काकू दोघंही गेले होते. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीसाठी काका परतले, काकू तिथेच आहेत. त्यांचा प्रश्न असा: "नातू अमेरिकन आहे, तर त्याच्या नावावर आम्हाला तिथं राहता येईल का? नसेल तर त्याला इकडं आणून दत्तकपत्र करू का? पाचशेच्या स्टॅम्पवर होतं म्हणतात."

काका, रोज रात्री काकू फोन स्पीकरवर ठेवतात आणि तुम्ही इकडून गोष्ट सांगितल्याशिवाय बाळ झोपत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचल्यावर तुम्हाला नुसती कलमं सांगणं जड जातं. तरी आधी तारखेचंच बोलतो, कारण ती थांबणार नाही.

काकूंच्या पर्यटक व्हिसावर २०३४ साल आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण ती तारीख अमेरिकेच्या दारात जाण्यापुरती. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत असतं. बहुतेकांना सहा महिने मिळतात. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर दिसते, पासपोर्टात शोधत बसू नका. मुदत वाढवायची असेल तर ती संपायच्या आत आय-५३९ अर्ज गेला पाहिजे. त्यात कारण खरं लिहा: सून वारली, बाळ लहान आहे, परतीचं तिकीट अमुक महिन्याचं आहे. तुमचा सातबारा आणि बँकेचं खातंही जोडा. परतायला घर-शेती आहे हे त्यातून दिसतं. मुदत एक दिवसही ओलांडली तरी तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांच्या वर बेकायदा राहून परतलं तर तीन वर्षं आणि वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. अडीच वर्षांच्या पोरासाठी दहा वर्षं म्हणजे सगळं बालपण.

आता नातवाच्या नावाचं. अमेरिकन कायद्यात नातवाने आजी-आजोबांना बोलावण्याची सोयच नाही. २१ वर्षांचा झाल्यावर तो वडिलांसाठी अर्ज करू शकेल, तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी मुलालाच अर्ज करावा लागेल आणि तोही तो अमेरिकन नागरिक झाल्यावर; नुसतं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, पुरत नाही. एच-१बीवरच्या भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, ते मुलाला विचारा. एच-१बीवाल्याच्या कुटुंबासाठीचा एच-४ व्हिसा फक्त बायको-मुलांना मिळतो. तिथल्या कोर्टाने काकूंना पालक नेमलं तरी राहण्याची परवानगी त्यातून येत नाही.

मग बरीच घरं करतात तेच उरतं: पाळीपाळीने जाणं. सहा महिने तुम्ही, पुढे व्याही-विहीण. दोन भेटींत किती अंतर हवं असं कायद्यात लिहिलेलं नाही. मात्र वर्षानुवर्षं कोणी तिथेच राहताना दिसलं तर अधिकारी अडवू शकतो. म्हणून मला दुसरी वाट बरी वाटते, बाळाला काही वर्षं तासगावला आणण्याची.

त्यासाठी दत्तकपत्र अजिबात करू नका. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार मुलगा दत्तक घेणाऱ्याला स्वतःचा मुलगा किंवा नातू हयात असता कामा नये. तुमचा मुलगा हयात आहे आणि बाळ स्वतःच तुमचा नातू आहे. त्या पाचशेच्या कागदाला काडीची किंमत नाही आणि पुढे बाळाच्या पासपोर्टच्या वेळी तोच कागद आडवा येईल. पालक मुलगाच राहू द्या. शाळा, दवाखाना, प्रवास या गोष्टींसाठी त्याने तुम्हाला नोटरी केलेलं अधिकारपत्र द्यावं. सोबत सुनेचा मृत्यू दाखला आणि बाळाचा जन्मदाखला ठेवा.

निघण्याआधी तिथूनच बाळाचं ओसीआय कार्ड काढा; परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार ते देतं. वडील भारतीय नागरिक आहेत, त्यामुळे ते मिळतं. मग तो इथे कितीही राहिला तरी व्हिसा संपण्याची कटकट नाही. पर्यटक व्हिसावर आणलात तर ती कटकट मागे लागेलच. त्याचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. नूतनीकरण मुंबईच्या वकिलातीत होईल, तेव्हा वडील हजर नसतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल.

बागेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते.

काका, आज रात्री गोष्ट झाली की फोन ठेवू नका. मुलाला काकूंच्या आय-९४ ची प्रिंट काढायला सांगा आणि ती तारीख मला कळवा.