हळूहळू होणारी झीज इंग्रजीत सांगताना

रात्रपाळीने तब्येत बिघडली हे सांगायला तू मेलमध्ये 'डॅमेज्ड माय हेल्थ' लिहिलंस. चूक नाही गं, पण डॅमेज एका फटक्यातही होतं. जागरणं हळूहळू बाधतात, तिथे 'टेक अ टोल' म्हण, आणि पुढे 'ऑन' विसरू नकोस: 'नाइट शिफ्ट्स आर टेकिंग अ टोल ऑन माय हेल्थ'. टोल म्हणजे आपला ऐरोली नाक्यावरचाच, रोज थोडाथोडा वसूल होणारा. (छोट्या गाड्यांना तिथे ऑक्टोबर 2024 पासून माफी आहे, तब्येतीला नाही!) भूतकाळात 'टुक इट्स टोल' जास्त ऐकू येतं. मात्र 'डेथ टोल' म्हणजे मृतांचा आकडा, तो वेगळा.

'वेअर अँड टेअर' वस्तूंसाठी ठेव: लॅपटॉप, भाड्याचं घर, गाडीचे टायर. उच्चार टेअर, टिअर नव्हे. टिअर म्हणजे अश्रू. 'वोर्न आउट' मात्र चप्पलही होते आणि ठाण्याहून लोकलमध्ये उभ्याने आलेला माणूसही.

काळजी मन आतून पोखरते तेव्हा 'ईटिंग अवे अ‍ॅट मी'. हे मॅनेजरला लिहू नकोस, फार खाजगी वाटतं. 'बर्नआउट' म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार गळून जाणं, तेही साध्या थकव्याला वापरू नकोस. शनिवारभर झोपून जो जातो, तो बर्नआउट नव्हे.