दर पंधरवड्याला पुणे-कोल्हापूर, मग २२,००० चा पोर्टेबल मॉनिटर घ्यायचा का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. तुम्ही पुण्यात घरी बसून परदेशी क्लायंटची अकाउंट्सची कामं करता, दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला आईकडे तीन-चार दिवस जाता, आणि तिथे लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर एक्सेल आणि बँक स्टेटमेंट शेजारी-शेजारी लावून डोळ्यांची वाट लागते. म्हणून २२,००० चा टचवाला पोर्टेबल मॉनिटर क्रेडिट कार्डावर ९ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयने घ्यावा की १०,००० चा साधा रोख घ्यावा, असा प्रश्न. अडीअडचणीसाठी बाजूला ६०,००० आहेत, महिन्याचा खर्च ३८,०००.

मला विचाराल तर दोन्ही नको. का ते सांगते.

तुम्ही स्वतःला "सतत प्रवासात" म्हणताय पण दिवस मोजा ना. महिन्यातले सात-आठ दिवस कोल्हापूर, म्हणजे वर्षाचे नव्वदेक, आणि बेंगळुरूच्या वर्षाला तीन चकरा धरून अजून नऊ-दहा. म्हणजे पुण्याबाहेरच्या शंभरातले नव्वद दिवस तुम्ही आईच्या एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच टेबलावर बसणार आहात. हा प्रवास नाहीये, ही दोन घरं आहेत, आणि दुसऱ्या घरात ठेवायला साधा बावीस इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर सात-साडेसात हजारात येतो, तो पंधरा इंची पोर्टेबलपेक्षा मोठा, डोळ्यांना बरा, आणि दर वेळी बॅगेत पाऊण-एक किलो जास्तीचं घेऊन स्वारगेटला धावायला नको. एसटीत बसल्यावर तर दोन स्क्रीन कोणीच उघडत नाही, तिथे लॅपटॉपच मांडीवर राहिला तरी मिळवली.

आता ईएमआय. नो कॉस्टमध्ये व्याज नसतं असं नाही, बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढा डिस्काउंट आधी देतो म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. २२,००० ला १५ टक्के दराने ९ महिने धरले तर व्याज तेराशेच्या आसपास, त्यावर जीएसटी २३६, वर प्रोसेसिंग फी १९९ अधिक तिचा जीएसटी, म्हणजे पावणेपाचशे गेले. पावणेपाचशेने कोणी बुडत नाही. मला भीती वेगळीच वाटते. तुम्हीच लिहिलंय की डिसेंबरात क्लायंट सुट्टीवर जातात आणि पेमेंट जानेवारीवर जातं, त्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही तर महिना साडेतीन टक्क्याने व्याज लागतं, वर्षाचे ४२ झाले, आणि ते फक्त मॉनिटरच्या हप्त्यावर नाही, सगळ्या बाकीवर. तुमचे ६०,००० म्हणजे दीड महिन्याचा खर्च, अनियमित कमाईवाल्याकडे निदान तीन महिन्यांचा हवा, म्हणजे १,१४,०००. आधी तिकडे जायचंय.

"खर्चात टाकता येईल" असं कोणीतरी सांगितलं म्हणालात. तुम्ही रिटर्न प्रिझम्प्टिव्हने भरता ना, त्यात खरा खर्च किती ते न बघता अर्धी जमा हीच कमाई धरतात, मग मॉनिटर घ्या नाहीतर नका घेऊ, टॅक्स एक रुपयाने कमी होत नाही. जीएसटी नंबर नाही म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, तीही नाही. बिल जपा, पण वॉरंटीसाठी.

आणि "रोज तास वाचेल म्हणजे पैसे वसूल" हे गणित तासावर बिल करणाऱ्याचं, तुमचे तिन्ही क्लायंट महिन्याला ठरलेली रक्कम देतात. वाचलेला तास आईजवळ बसायला मिळेल, त्याची किंमत आहेच, पण त्यातून हप्ता भरता येत नाही.

पोर्टेबल वाईट असतो असं नाही हं, उद्या कामच असं मिळालं की दर आठवड्याला नवं गाव, तर घ्या, दहा हजारातला साधा घ्या. टच नको, अकाउंट्सच्या कामात बोट लावायचं कुठे. फक्त आधी लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट व्हिडिओ देतो का ते बघा, सगळे देत नाहीत, मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट असं लिहिलेलं असतं, नसेल तर मिनी एचडीएमआयची वायर आणि पॉवरची वेगळी असा गुंता होतो. शिवाय तो लॅपटॉपचीच वीज खातो, त्यामुळे पावसात लाइट गेल्यावर चालतो खरा पण बॅटरी लवकर बसते. मी स्वतः एक स्वस्तातला घेतला होता, कव्हरचंच स्टँड, टेबल जरा हललं की पालथा, सातव्या महिन्यात पोर्ट सैल झाला, वॉरंटी होती पण सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात, कुरिअरचा खर्च माझा. म्हणून आपल्या गावात सर्व्हिस आहे का हे किमतीच्या आधी विचारा.

या वेळी गेलात की एक फुकटचा प्रयोग करा, आईच्या बत्तीस इंची टीव्हीला एचडीएमआय लावून बघा. बऱ्याच जुन्या बत्तीस इंची टीव्हीचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असतं, एक्सेलचे आकडे फुगल्यासारखे दिसतात, आणि संध्याकाळी सातनंतर तो टीव्ही तुमचा नाहीच. जमलं तर जमलं, नाहीतर साडेसात हजार खर्चा, त्याच ६०,००० मधून नको, पुढच्या दोन पेमेंटमधून निम्मे-निम्मे.

घ्यायच्या आधी आईकडचं ते शिलाई मशीनचं टेबल मोजा, मॉनिटर ठेवणार तिथेच ना. बावीस इंची मॉनिटरला रुंदीला अर्धा मीटर लागतो, मशीन आत घालून झाकण लावलं तर मावेल. पण आईला विचारून हं, दिवाळीच्या आधी त्यांना मशीन लागतं म्हणालात ना.