अमेरिकेत बाळाचे नाव बारशाला ठरणार आहे. तोपर्यंत आरोग्य विम्यातील नोंद थांबवली तर चालेल का?

बारशापर्यंत थांबलात तर बिघडणार नाही, मात्र त्यापुढे कशाचीही वाट पाहू नका. सोशल सिक्युरिटी क्रमांकाची (अमेरिकी सरकारकडून मिळणाऱ्या ओळख क्रमांकाची) तर मुळीच नाही.

आम्ही नेमकी तीच वाट पाहिली. आमची मुलगी चौथ्या दिवशी काविळीमुळे पुन्हा रुग्णालयात दाखल झाली आणि डोळ्यांवर पट्टी बांधून दोन रात्री निळ्या दिव्यांखाली झोपली. घरी आल्यावर विम्याचा अर्ज उघडला, तर त्यात त्या क्रमांकाचा रकाना होता. अमेरिकेत वीस वर्षे काढलेल्या माझ्या थोरल्या भावाने फोनवर निकाल दिला, "अर्धवट अर्ज भरू नकोस, बाळ तसेही आईवडिलांच्या विम्यात असतेच." त्या क्रमांकाचे कार्ड टपालाने आले पाचव्या आठवड्यात. त्याच रात्री अर्ज भरला आणि एचआरकडून दोन ओळींचे उत्तर आले, की मुदत संपली आहे.

1996 च्या हिपा कायद्यानुसार नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात जन्मानंतर किमान 30 दिवस नोंदणीसाठी द्यावे लागतात, आणि त्या मुदतीत नोंदवलेल्या बाळाला जन्मदिवसापासूनच संरक्षण मिळते, म्हणजे आधी झालेला खर्चही त्यात धरला जातो. क्रमांक मागाहून कळवता येतो, हे मला एचआरने तेव्हा सांगितले, जेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

हात दिला तो सरकारी मार्केटप्लेसने, म्हणजे स्वतःहून विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजारपेठेने, कारण तिथली मुदत 60 दिवसांची असते. मुलीपुरती योजना घेऊन जन्मतारखेपासूनचे हप्ते भरले. परंतु ते रुग्णालय त्या योजनेच्या नेटवर्कमध्ये (विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांच्या यादीत) नसल्याने काविळीच्या बिलाचा मोठा भाग आमच्याच खिशातून गेला.

दादा अजूनही म्हणतो की त्याचे चुकले नव्हते. अनेक राज्यांत विमा कंपनीकडून घेतलेल्या योजनांमध्ये पहिला महिनाभर बाळ आपोआप धरले जाते, हे मला मान्य आहे. पण ज्यांचा मालक दावे स्वतःच्या पैशांतून भागवतो (माझा तसाच होता), त्यांना राज्याचा हा नियम लागू होत नाही. काही कंपन्या 30 दिवसांहून अधिक मुदत देतात आणि मेडिकेडला (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याला) तर अशी मुदतच नसते, तेव्हा आपली योजना कोणती, हे प्रसूतीआधीच लेखी विचारून ठेवा. दादाच्या मुलाच्या वेळी अर्ज तिसऱ्याच दिवशी गेला होता. तो वहिनींनी भरला होता, क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवून. हे त्यांनीच मला मागच्या दिवाळीत सांगितले.