कार्बन टॅक्सने उत्सर्जन खरंच कमी होतं का?

प्रश्न : पेट्रोलवर आधीच ढीगभर टॅक्स आहे, तरी गाड्या वाढतायतच. मग कार्बन टॅक्सने उत्सर्जन खरंच कमी होतं का? आणि आपल्याकडे कोळशावर सेस होता, त्याचं काय झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कमी होतं, पण तुमचं पेट्रोलचं म्हणणंही बरोबर आहे. स्वीडनने १९९१ ला कार्बन टॅक्स, म्हणजे इंधन जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्या हिशोबाने लागणारा कर, लावला, आज तो जगातल्या सगळ्यात चढ्या दरांपैकी एक आहे, तरी पहिल्या पंधरा वर्षांत एकट्या त्या टॅक्समुळे वाहतुकीचं उत्सर्जन घटलं ते सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. कामावर तर जावंच लागतं ना, माणूस कुरकुरतो आणि टाकी भरतो.

आता ब्रिटन बघा. २०१२ ला तिथली जवळजवळ ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून वीजकेंद्रांच्या इंधनावर कार्बनचा जादा टॅक्स आला, २०१५ ला तो कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ९ पौंडांवरून १८ वर नेला आणि २०१६ मध्ये कोळसा थेट ९ टक्क्यांवर! कारण गॅसची केंद्रं आधीच उभी होती, गॅसच्या विजेला कार्बन निम्म्याहून कमी, त्यात गॅसही स्वस्त झालेला, मग कंपन्यांनी कोळशाची केंद्रं थांबवून गॅसची चालवली, बास. शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं.

आपला सेस २०१० ला टनाला ५० रुपये होता, २०१६ पर्यंत ४०० झाला. पण कोळसा सोडून जायचं कुठे? गॅस बराचसा आयातीचा आणि महाग, दाभोळचा गॅसवरचा वीजप्रकल्पच गॅसअभावी वर्षानुवर्षं रखडत चालला. शिवाय इंधनाचा वाढीव खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो, केंद्र चालवणाऱ्याला झळ बसतच नाही. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा केलेला हा पैसा २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या बुडालेल्या उत्पन्नाच्या भरपाईकडे वळला, पर्याय उभे करायला तोच तर हवा होता!

सप्टेंबर २०२५ मध्ये सेस काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. सेस वजनावर होता, जीएसटी किमतीवर. म्हणजे हजार रुपये टनाच्या हलक्या प्रतीच्या कोळशावर आधी सेसचे ४०० आणि जीएसटीचे ५० मिळून ४५० रुपये जायचे, आता १८०, आणि तेवढ्याच विजेला हाच कोळसा जास्त जाळावा लागतो.