सुपरमार्केटमध्ये ऑफर आणि व्हाउचर वापरूनही खर्च कमी का होत नाही? खरी स्वस्त वस्तू ओळखायची कशी?

तुम्ही लिहिलंय की जवळच्या सुपरमार्केटमध्ये ऑफर बघूनच खरेदी करता, मिळेल ते व्हाउचर वापरता, बिलाखाली ‘तुमची बचत’ म्हणून चांगला आकडाही छापून येतो, आणि तरीही महिन्याचा खर्च होता तिथेच आहे. आमच्या घरची खरेदी अनेक वर्षं मीच करतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी तो ‘तुमची बचत’चा आकडा डोक्यातून काढून टाका. तो बहुतेक वेळा पाकिटावरच्या छापील किमतीशी तुलना करून काढलेला असतो. तुम्ही एरवी ती वस्तू कितीला घेता, याचा त्यात काहीच संबंध नसतो. वर्षभर छापील किमतीपेक्षा कमीतच विकली जाणारी वस्तू आजही त्याच दराला मिळाली, तरी बिल तिला बचतच म्हणणार. तुमची खरी बचत तुमच्या नेहमीच्या दराशी ताडूनच कळते, आणि त्यासाठी तो दर माहीत असावा लागतो.

म्हणून घरात दर महिन्याला हमखास लागणाऱ्या वस्तूंची एक यादी करा आणि प्रत्येकीपुढे किलोचा, लिटरचा किंवा नगाचा दर लिहून ठेवा. पाकिटाची किंमत लिहू नका, कारण पाकिटाचा आकार बदलत राहतो. फोनमध्ये लिहा, वहीत लिहा, कुठेही चालेल. काही आठवड्यांत दिसायला लागतं की बऱ्याच वस्तूंची ऑफर ठरावीक काळाने फिरून येते. मग साबण किंवा कपडे धुण्याची पावडर अशा टिकणाऱ्या वस्तू सर्वात कमी दर असताना पुढच्या ऑफरपर्यंत पुरतील इतक्या घ्यायच्या, मधल्या काळात त्यांच्याकडे बघायचंही नाही. एवढ्या एका सवयीने जे साधतं, ते सगळी व्हाउचर मिळूनही साधत नाही असं माझं ठाम मत आहे.

एकक दर, म्हणजे हाच किलोचा, लिटरचा किंवा नगाचा दर, पाहायची सवय लागली की ऑफरची भाषाही उलगडते. ‘२० टक्के जास्त मोफत’ म्हणजे २० टक्के सूट नव्हे, साधारण पावणेसतरा टक्के. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्के, पण तिन्ही संपणार असतील तरच. ‘दुसऱ्या नगावर ५० टक्के’ म्हणजे दोन्ही मिळून फक्त २५ टक्के. ‘२० टक्के आणि वर १० टक्के’ याचे ३० होत नाहीत, २८ होतात. आणि ‘५० टक्क्यांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असला, तरी वाचायचा तोच.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं, हेही गृहीत धरू नका. लहान पाकिटावर ऑफर असली की दर कित्येकदा उलटा होतो. शिवाय किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करण्याचा प्रकार जगभर चालतो. फ्रान्समध्ये कार्फूर या सुपरमार्केटच्या साखळीने २०२३ मध्ये अशा मालाखाली ग्राहकांना सावध करणाऱ्या पाट्या लावल्या होत्या, आणि जुलै २०२४ पासून तिथल्या मोठ्या दुकानांना अशी सूचना लावणं कायद्यानेच बंधनकारक झालं. तुमच्या दुकानात पाटी नसली तरी वजनाचा आकडा पाकिटावर असतोच. तो वाचा. शेल्फवरच्या किमतीच्या चिठ्ठीवर एकक दर बारीक अक्षरात दिलेला असेल, तर सगळ्यात आधी तो.

दुकानाच्या मांडणीबद्दल थोडंच सांगतो. डोळ्यांच्या उंचीवर सहसा दुकानाला खपवायचा असलेला माल असतो. स्वस्त पर्याय आणि दुकानाचा स्वतःचा ब्रँड खालच्या कप्प्यात सापडण्याची शक्यता जास्त. रांगेच्या टोकाला रचलेला ढीग स्वस्त वाटतो, पण तो ऑफरचा असेलच असं नाही. आणि यादी छोटी असेल तर ट्रॉली घेऊ नका, हातात बास्केट घ्या. ट्रॉलीचा जन्मच यातून झालाय. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमातले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणून त्यांनी तिला चाकं लावली.

मुदत जवळ आलेल्या मालावरची सूट मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण इथे किंमत कमी होण्याचं कारण उघड असतं. हे स्टिकर दिवसाच्या ठरावीक वेळी लागतात, आणि ती वेळ दुकानागणिक वेगळी असते. विभागातल्या कर्मचाऱ्याला नीट विचारलं तर बहुतेक जण सांगतात. फक्त तारखेचा प्रकार बघा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही दर्जाची तारीख आहे, ती उलटली म्हणून वस्तू लगेच खराब होत नाही. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सुरक्षिततेची, तिथे तडजोड नको. मुदतीत संपवता येणार नसेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.

आता व्हाउचर. कूपन मुळात आलं ते नव्या वस्तूची चव लावायला. १८८०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाने एक ग्लास फुकट मिळण्याची कूपनं वाटली, त्यामागे हाच हेतू होता. आजही बरीच व्हाउचर तुम्ही एरवी न घेतलेली वस्तू घ्यावी किंवा ठरवल्यापेक्षा मोठं बिल करावं, यासाठीच असतात. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी यादी, मग बिलाचा अंदाज, आणि शेवटी त्यात बसणारं व्हाउचर.

समजा १००० च्या किमान खरेदीवर १०० सूट आहे. बिल जेमतेम १००० झालं तर ती १० टक्के, २००० झालं तर फक्त ५ टक्के. म्हणजे ठरावीक रकमेचं व्हाउचर किमान मर्यादेच्या जवळ राहूनच वापरायचं. खरेदी मोठी असेल आणि दुकानाची हरकत नसेल तर दोन बिलं करून दोन व्हाउचर लावावीत. मर्यादेला थोडे कमी पडत असतील तर यादीतल्याच, पुढच्या महिन्यातही लागणाऱ्या टिकाऊ वस्तूने भर घाला. टक्केवारीच्या व्हाउचरला बहुधा कमाल सूट ठरलेली असते. २० टक्के, कमाल २००, असं असेल तर १००० च्या पुढच्या खरेदीवर काहीच मिळत नाही. दोन्ही प्रकार एकाच बिलावर चालत असतील तर टक्क्यांचं आधी लावायला सांगा. १००० वर आधी १० टक्के आणि मग १०० वजा केले तर ८०० द्यावे लागतात, उलट क्रमाने ८१०. फरक छोटा आहे, पण तो तुमचा आहे.

अटींमधल्या तीन गोष्टी मी नेहमी वाचतो: कोणत्या वस्तू वगळल्यात, किमान रक्कम इतर सूट वजा करून धरतात की आधीची, आणि माल परत केला तर काय. एखादी वस्तू परत केल्यावर बिल किमान मर्यादेच्या खाली गेलं, तर अनेक ठिकाणी व्हाउचरची सूट परताव्यातून कापून घेतात.

पैसे भरून घेतलेलं गिफ्ट व्हाउचर वेगळं. ते तुमचेच पैसे आहेत, दुकानाकडे आगाऊ ठेवलेले. कमी किमतीत मिळालं तर जरूर घ्या, पण लवकर वापरा. मुदत संपली किंवा दुकानच बंद पडलं तर ते परत मिळवणं अवघड जातं. उरलेली रक्कम पुढे वापरता येते का, हे घेण्यापूर्वीच विचारा. पॉइंटांच्या कार्डाचंही तसंच. एका पॉइंटाची किंमत काढून बघा. ती अनेकदा इतकी कमी निघते की पॉइंटांसाठी महागडं दुकान निवडण्यात अर्थ उरत नाही.

आणि काउंटरवरून हलण्यापूर्वी बिल वाचा. शेल्फवरची चिठ्ठी बऱ्याच दुकानांत अजून हाताने बदलतात, संगणकातला दर मात्र क्षणात बदलतो. त्यामुळे ऑफरच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी दोन्हींत फरक पडणं सहज घडतं. ऑफरची वस्तू उचलताना चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. बिलात जुना दर लागला तर तो शांतपणे दाखवा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुरुस्ती होते. ऑफरचा माल संपला असेल तर नवा आल्यावर त्याच दराने देणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.