वाचकांचे प्रश्न: शेजारचं घर विकायला निघालंय, आमच्या तक्रारीचं काय?

आमच्या बाथरूमच्या छतातून दोन वर्षं पाणी गळतंय. वरचे काका ‘करून देतो’ म्हणत राहिले आणि आता फ्लॅट विकायला काढलाय. टोकनही घेतलंय म्हणे. सोसायटीने एनओसी अडवली तर काम होईल का?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

एनओसी अडवायचा नाद सोडा. आदर्श उपविधी (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) क्र. ३८ प्रमाणे सभासदाने १५ दिवस आधी सोसायटीला हस्तांतराची सूचना द्यायची असते. ना-हरकत प्रमाणपत्राची सक्ती नाही. कर्ज देणारी बँक ते मागते, म्हणून कमिटीला वाटतं की चावी आपल्याच हातात आहे. सोसायटीची थकबाकी असेल तर हस्तांतर थांबू शकतं, पण तुमची गळती ही सोसायटीची थकबाकी नव्हे.

तुमच्या हातात आहेत ते करार नोंदणीपर्यंतचे दिवस. पैसे मिळाले की काकांना रस उरणार नाही, आणि नवा मालक म्हणेल, ‘मला कुणी काही बोललंच नाही.’

पहिलं काम, पाणी कुठून येतंय ते ठरवा. उपविधी क्र. ६८ नुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बेसिन, सिंक यांची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी. म्हणून कारण कागदावर नसेल तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

थेंब केव्हा पडतो ते बघा. दिवसरात्र एकाच गतीने ठिबकत असेल तर संशय भिंतीतल्या प्रेशरच्या (सतत पाणी भरलेल्या) लाइनवर. वरच्यांना मेन व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला सांगा; सकाळपर्यंत थेंब मंदावला तर संशय पक्का. आंघोळीनंतर तास-दोन तासांनी वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचा (फरशीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा) जॉइंट किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीलगत ओल येत असेल तर काका बहुधा निर्दोष आहेत.

मग पाणी तुंबवून चाचणी करा. वरच्या बाथरूमचा ट्रॅप घट्ट बुजवायचा, उंबऱ्याच्या खाली राहील असं दोन इंच पाणी भरायचं, टाइलवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि २४ ते ४८ तास हात लावायचा नाही. या काळात खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली, पण ट्रॅप मोकळा करून पाणी सोडताच गळू लागलं तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याखालच्या पाइपात. पाण्यात रंग टाकायचा असेल तर टाका, पण रंग खाली आला नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका. आपल्याकडच्या बाथरूमचा स्लॅब खोल असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव असतो, आणि रंग त्यातच अडकतो. हाच भराव पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दुरुस्तीनंतरही काही दिवस थेंब पडत राहतात. तेवढ्यावरून प्लंबरशी भांडू नका. मात्र नुसतं टाइलच्या सांध्यांत ग्राउट भरून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याशी जरूर भांडा. ट्रॅपचा जॉइंट सुटलेला असेल तर वरून कितीही ग्राउट भरा, थेंब परत येतो.

चाचणीला सेक्रेटरी, कमिटीचा एखादा सभासद आणि प्लंबर हजर ठेवा, तारखेसह फोटो काढा, एक पानी अहवालावर सगळ्यांच्या सह्या घ्या. तो जोडून काकांना पत्र द्या, सोसायटीला प्रत द्या, पोच घ्या आणि कमिटीच्या इतिवृत्तात नोंद करायला लावा. खरेदीदाराच्या वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली तर त्यात दिलेल्या मुदतीत, बहुधा १४ किंवा १५ दिवसांत, अहवालाची प्रत वकिलाला पाठवा. त्यात गळतीबद्दलच लिहा. फ्लॅटवर हक्क सांगितल्यासारखी भाषा नको, नाहीतर उलट तुम्हालाच नोटीस यायची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो. तुमच्या पत्रानंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय कुणालाच राहत नाही.

खरं तर ही विक्री तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. मुंबईत जुना फ्लॅट घेऊन बाथरूम न फोडणारा माणूस विरळा. खरेदीदाराला भेटा, चहा पाजा आणि एवढंच मागा: टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून चाचणी, तुमच्यासमोर. खर्च कुणाचा हे ते दोघे भावात बघून घेतील. शेवटच्या हप्त्यातून काही रक्कम दुरुस्ती होईपर्यंत राखून ठेवायचं कलम करारात घालता येतं.

समोरचे शेजारीच सोसायटीचे सेक्रेटरी. पॅसेजमधल्या आमच्या चपलांच्या कपाटावरून वाजलं होतं. आता आम्ही फ्लॅट विकतोय, तर ते हस्तांतराचे कागद घेत नाहीत आणि ‘बिल्डिंग फंडाला’ एक लाख मागतात.
— एक वाचक, बोरिवली

मुंबईसारख्या महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे. शिवाय हस्तांतर फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००. फंड म्हणा, देणगी म्हणा, नाव बदलून वरचे पैसे सक्तीने मागता येत नाहीत.

कागद हातात घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा: उपविधींच्या परिशिष्टातले भरलेले नमुने, मूळ भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), नोंदणी झालेल्या कराराची प्रत, इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा कराराचा उतारा) आणि फीचा चेक. अर्ज अपुरा पाठवला की त्रुटी काढायला आयतं निमित्त मिळतं, म्हणून एकदाच पण पूर्ण पाठवा. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. मुदत उलटली किंवा नकार आला तर तुमच्या वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे जा. निर्णय कमिटीचा असतो, एकट्या सेक्रेटरीचा नाही, तेव्हा प्रत अध्यक्षांनाही जाऊ द्या.

कपाट मात्र आजच उचला. पॅसेज सामाईक आहे आणि अशा अतिक्रमणाला मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट दर महिन्याला आकारायची तरतूद उपविधींत आहे. सेक्रेटरींच्या हातात ती एक खरी गोष्ट आहे. आणि करारात ‘पार्किंगसह विक्री’ लिहू नका. सोसायटीने वापरायला दिलेली जागा सभासदाला विकता येत नाही.

गावठाणातलं शेजारचं बैठं घर बिल्डर घेतोय. आमच्या छपराच्या पागोळ्या त्यांच्या बोळात पडतात, स्वयंपाकघराची खिडकीही तिकडेच उघडते. नवा मालक भिंत चढवेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे उजेड, हवा किंवा पाण्याची वाट २० वर्षं उघडपणे, शांततेने, हक्काने आणि अखंड वापरली असेल तर तो हक्क होतो, आणि घराचा मालक बदलला म्हणून तो जात नाही. अट ‘हक्काने’ ही आहे. शेजारच्या आजोबांनी परवानगी दिली म्हणून खिडकी काढली असेल तर तो हक्क नव्हे, मेहरबानी. पत्रात भावनेच्या भरात ‘त्यांच्या कृपेने’ वगैरे लिहिलंत तर आपल्या पायावर धोंडा पाडून घ्याल. शिवाय उजेड थोडा कमी झाला एवढ्याने भागत नाही. खोली वापरताना खरी अडचण झाली पाहिजे. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावर हक्क नसतो.

शेजारचं घर पाडायच्या आधी मोजणी करून घ्या. नगर भूमापन कार्यालयातून दोन्ही मिळकतींची पत्रकं आणि नकाशा काढा, मग मोजणीचा अर्ज द्या. गावठाणात अनेकदा दोन घरांत मिळून एकच भिंत असते, आणि ती पडली की हद्दीची खूणही जाते. भिंतीला टेप लावून, आकडा दिसेल असे फोटो काढा. पागोळ्यांचे फोटो भर पावसातले हवेत.

प्रकरण दाव्यावर गेलंच तर एक मुंबईची गोष्ट वकिलांना आठवणीने विचारा. इथे मिळकतीच्या हक्काचा दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे (करार नोंदवतात त्या कार्यालयात) नोंदवावी लागते. नोंदवली नाही, तर दाव्यादरम्यान घर घेणाऱ्यावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या दाव्याचा निकाल बंधनकारक ठरत नाही.

शेजारी म्हणून आधी आम्हाला विचारायला हवं होतं ना?
— एक वाचक, दादर

सोसायटीतल्या फ्लॅटवर शेजाऱ्याला असा पहिला हक्क नाही. घ्यायचा असेल तर भाव सांगा आणि टोकन द्या. दोन फ्लॅट एक करायचा विचार असेल तर मधली भिंत फोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, सोसायटी आणि महापालिका, तिघांचा होकार लेखी घ्या. दोन्ही दारांपुढचा पॅसेज जाळी लावून आत घेता येणार नाही.