बडोद्यात राहून स्पोर्ट्स पीआरमध्ये, म्हणजे टीम-खेळाडूंचं मीडियाचं काम सांभाळण्यात, करिअर होतं का?
होतं की, पण क्रिकेटर्सबरोबर सेल्फी वगैरे आधी डोक्यातनं काढा. मॅचच्या दिवशी पत्रकारांचे पास बघा, खेळाडूला प्रेस कॉन्फरन्सला वेळेवर आणून बसवा, आणि टीम हरली की खरी मजा, कॅप्टन वैतागलेला, समोर माइकची रांग, अन् कुठले तिरके प्रश्न येणार हे त्याला आधीच सांगून ठेवायचं काम तुमचं. २०२५ ची डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची क्रिकेट लीग, बडोद्याच्या कोटंबी स्टेडियमवरच सुरू झाली, म्हणजे मोठ्या मॅचेस आपल्याकडेही येतायत. एम.एस. युनिव्हर्सिटीत जर्नलिझम करा, सोबत लोकल टूर्नामेंटच्या प्रेसनोट लिहा, घरी मराठी असली तरी गुजरातीत चांगलं लिहिता यायलाच हवं, इथले बरेच पेपर त्यातच आहेत. फुल टाइम नोकरीसाठी मात्र बहुतेक मुंबईच गाठावी लागते.